घरून आणलेली बाटली

ट्यूब स्वच्छ होती, पाण्यासारखी. आणि ज्या बाईची म्हणून ती मी हातात धरली होती, ती समोरच्या बाकावर बसली होती आणि सुजेनं तिचे डोळे निम्मे मिटले होते.

"जाधव, पुन्हा करा," डॉक्टरसाहेब म्हणाले.

केलं. लघवी ट्यूबमध्ये घेतली, स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग उकळला, ॲसेटिक ॲसिडचे दोन थेंब टाकले, पुन्हा उकळला. काही नाही.

"निल, साहेब."

"तिच्या नडगीवर बोट दाबा. खड्डा पडतोय, तो भरून यायला मिनिट लागतंय. आणि तुम्ही मला निल सांगताय?"

मी चिडलो. लढाईची सगळी वर्षं मिलिटरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढलेला माणूस मी. कुणी माझ्या टेस्टवर बोट ठेवलं की माझं डोकं फिरायचं. "साहेब, तुमच्यासमोर केली. ट्यूब काय माझी पाव्हणी आहे होय, माझ्या बाजूनं बोलायला?" मी म्हणालो. असं तोंड मी त्या काळी फार चालवत असे.

भानगड काय होती ती नीट सांगतो. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. मी मूळचा वडूजचा. फौजेतनं सुटल्यावर गावी शेतात राबण्यापेक्षा शिकलेलं काम करावं म्हणून सांगलीला एका डॉक्टरांच्या खाजगी हॉस्पिटलात लागलो. बारा खाटा, एक लॅब म्हणजे जिन्याखालची खोली, आणि लॅबचा सगळा स्टाफ म्हणजे मी. डॉक्टरसाहेब अभ्यासू होते. विलायतेची मासिकं दोन-दोन महिने उशिरा यायची, पण ते ती पेन्सिलीनं खुणा करत वाचायचे. त्या मासिकांतनंच त्यांनी गोल्ड उचललं.

गोल्ड म्हणजे सोन्याच्या क्षाराचं इंजेक्शन. रुमॅटॉइड आर्थरायटिस नावाचा जो सांधेदुखीचा वाईट प्रकार आहे, त्यावर ते द्यायचे. नुसती दुखणारी हाडं नव्हेत. बोटांचे सांधे सुजतात, तापतात, हळूहळू वाकडे होतात आणि तसेच आखडून बसतात. हा आजार मुळात का होतो, हे तेव्हा आम्हालाच काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. आता सांगतात की शरीराची राखण करणारी जी व्यवस्था असते ती उलटते आणि आपल्याच सांध्यांना शत्रू समजते. आमच्या वेळी समज असा होता की अंगात कुठं तरी पू दडलेला असणार. म्हणून दात उपटायचे, टॉन्सिल काढायचे. सोनंही लोकांनी आधी क्षयावर वापरून पाहिलं आणि मग हाही त्याच घरातला आजार असेल म्हणून सांध्यांवर. तर्क चुकीचा होता, पण औषध लागू पडलं. संशोधनात असंही होतं.

ती बाकावरची बाई म्हणजे हमिदाबी, पलूसची. मणेर, म्हणजे बांगड्या भरणारी. नवरा दम्यानं घरी बसलेला, त्याच्या वाटची पाच-सहा गावांतली घरं ही सांभाळायची. त्या घरांतल्या लेकीसुनांना बांगड्या हमिदाबीनंच भरायच्या, दुसऱ्या मणेरानं तिथं टोपली उतरवायची नाही, अशी रीत होती. पण घरं अडवून धरायची तर हात चालायला हवेत. एक लगीनसराई चुकली की नवरीचा चुडा दुसरा कुणी तरी भरून जातो, आणि ते घर गेलं. लेक शरीफा अठरा वर्षांची, लग्नाची. तिला एकटीला गावोगाव धाडायची त्यांच्यात सोय नव्हती.

आणि हमिदाबीचे हातच गेले होते. ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या बोटांचे सांधे फुगून लाल झाले होते. चार दात आधीच कुणी तरी या दुखण्यापायी काढले होते. साहेबांनी तिला मूठ मिटायला सांगितलं. ती हसली.

"मूठ मिटली असती तर तुमच्या दारात कशाला आले असते, डॉक्टर? सकाळच्या पारी चुलीतली काटकी उचलत न्हाई. बांगडी म्हंजे काचेचं काम. पंजा दाबून धरावा लागतोय, आंगठ्याचं हाड आत घ्यावं लागतंय. गेल्या महिन्यात एका माहेरवाशिणीच्या हातात तीन बांगड्या फोडल्या म्या. रगात आलं पोरीच्या हाताला. लय वाईट वाटलं."

साहेबांनी गोल्डचं सांगितलं. दर आठवड्याला एक सुई, वीस आठवडे.

"सोनं?" ती म्हणाली. "आवं, कानात घालाय न्हाई आन् तुमी ढुंगणात घालताय व्हय?"

साहेब लाजले. मी हसलो. तेव्हापासून ती मला आवडली, हे कबूल करतो.

आता गोल्डची दुसरी बाजू. ते औषध कमी आणि विष जास्त असं होतं. कुणाच्या अंगावर पुरळ उठायचं, कुणाच्या रक्तात बिघाड व्हायचा, कुणाची मूत्रपिंडं बिघडायची. मूत्रपिंड म्हणजे रक्ताची गाळणी. गाळणी बिघडली की रक्तातलं ॲल्ब्युमिन लघवीतनं वाहून जायला लागतं. ॲल्ब्युमिन म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यात असतं तसलं सत्त्व. ते गेलं की पाणी अंगात मुरतं आणि माणूस सुजतो. म्हणून नियम असा, की प्रत्येक सुईआधी लघवी तपासायची. ट्यूब उकळल्यावर स्वच्छ राहिली तर सुई द्यायची. धुरकट झाली तर थांबायचं. वेळीच थांबलं तर बहुतेकांची गाळणी आपोआप सुधारते.

आता माझी चूक. हॉस्पिटलच्या मागं एकच आडोसा होता, गोणपाटाच्या पडद्याचा, आणि समोर टांगेवाले बसायचे. बायका तिथं जायला लाजेनं मरायच्या. भांडं हातात दिलं की पदर तोंडावर घेऊन उभ्या राहायच्या आणि तास तास घालवून रिकामं भांडं परत द्यायच्या. मला कामाचा खोळंबा व्हायचा. मग मीच एक सोय काढली. औषधाची रिकामी बाटली उकळून द्यायची, बायकांनी सकाळी घरूनच भरून आणायची. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "चालेल." बायका खूश, मी खूश. हमिदाबी तर बाटली फडक्यात गुंडाळून बांगड्यांच्या टोपलीत घालून आणायची.

दहाव्या सुईला गुण दिसला. दिवाळी आठवड्यावर आली होती. हमिदाबी दारातनंच ओरडली, "जाधवभाऊ, हे बघा!" आणि तिनं मूठ मिटून दाखवली. पुरती नाही, पण मिटली. शरीफा मागं उभी राहून हसत होती. मला इतका आनंद झाला की मी साहेबांना जेवणावरनं उठवून आणलं.

आणि पुढच्याच आठवड्याला तिची ट्यूब धुरकट झाली. अगदी फिकं, चुलीचा धूर लांबून दिसावा तसं. मी ट्यूब तिच्यापुढं धरली.

"हे बघ, हमिदाबी. पांढरं येतंय."

"म्हंजे वो?"

"म्हंजे सोनं बंद. हे पाण्यासारखं झाल्याशिवाय सुई मिळायची नाही."

एवढंच बोललो. घाईत होतो. बाहेर माणसं बसली होती. गाळणी, सत्त्व, सूज, यातलं एक अक्षर मी तिला सांगितलं नाही. तुम्हाला आत्ता जे सांगितलं ते तिला सांगायला किती वेळ लागला असता?

दोन आठवडे सुई बंद राहिली. तेवढ्यात तिला वाटायला लागलं की हात पुन्हा आखडतायत. खरंच आखडत होते की भीतीनं वाटत होतं, देव जाणे. दुसऱ्या खेपेला ती रडवेली झाली. "भाऊ, माघात लग्नं धरल्यात. तीन नवऱ्या हायत माझ्या घरात. हात गेलं तर घरं गेली, आन् घरं गेली तर ही पोरगी कुठं द्यायची म्या?" मी म्हणालो, "माझ्या हातात काय आहे? ट्यूब स्वच्छ होऊ दे."

तिसऱ्या आठवड्याला झाली. एकदम स्वच्छ. सुई सुरू झाली.

मग दर आठवड्याला निल. मी केसपेपरवर निल लिहायचो, साहेब सही करायचे, सुई व्हायची. हमिदाबीच्या मुठी मिटायला लागल्या, ती पुन्हा गावं फिरायला लागली. साहेब इतके हरखले की तिची हकिगत लिहून मुंबईच्या डॉक्टरांच्या सभेत वाचायचं त्यांनी ठरवलं. केसपेपर मला नीट नकलून काढायला सांगितला. मी चांगल्या अक्षरात काढला.

मधे एकदा ती बाटली न आणता आली. "फुटली वाटंत," म्हणाली.

"मग मागं जाऊन दे की थोडी."

"न्हाई जमायचं, भाऊ. एक डाव तशीच द्या की सुई."

साहेबांनी साफ नकार दिला. बाटली नाही तर सुई नाही. ती हात जोडून विनवत राहिली, पण आडोशाला जायला काही केल्या तयार होईना. मी मनात म्हणालो, काय ही बायकांची लाज. जिवापेक्षा लाज मोठी. आणि तिला परत पाठवलं. तेव्हा मला संशय यायला हवा होता. आला नाही.

आता त्या सुजेच्या दिवसावर येतो. मी ट्यूब घेऊन साहेबांशी वाद घालतोय, हमिदाबी म्हणतेय, "जागरण झालंय, लग्नाची घरं, बाकी काय न्हाई." आमच्याकडे गंगाबाई म्हणून आयाबाई होती. ती केर काढता काढता थांबली. तिची नजर हमिदाबीच्या मनगटावर गेली.

"हमिदाबी, तुला सव्वादोनच्या मापाच्या बांगड्या व्हायच्या न्हवं? ह्या तर अडीचच्या दिसत्यात."

"अंगावर मांस चढलंय, गंगाबाई. सोन्याचा गुण."

"मांस? पंधरा दिसांत?"

साहेबांनी माझ्या हातातनं बाटली घेतली. शांतपणे शरीफाला विचारलं, "ही बाटली कुणी भरली?"

शरीफानं आईकडं पाहिलं. मग ती खाली बसली आणि रडायला लागली. "माझी हाय, डॉक्टर. दिवाळीपासनं माझीच हाय."

माझा तोल गेला. जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. "अक्कल गहाण टाकली होती काय?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. ती पोर रडत होती आणि मी थांबत नव्हतो. शेवटी साहेबच म्हणाले, "जाधव, पुरे. तुम्ही बाहेर व्हा."

गंगाबाईनं तपासणीच्या खोलीत दोन खुर्च्यांवर चादर टाकून आडोसा केला. एक भांडं ठेवलं. दार लावून घेतलं. पाच मिनिटांत हमिदाबीची लघवी माझ्या हातात होती. चादर, भांडं आणि गंगाबाई, एवढंच लागलं. इतके महिने तिन्ही गोष्टी हॉस्पिटलात होत्या.

ट्यूब उकळली. दही लागावं तशी घट्ट झाली. उलटी धरली तरी खाली येईना. मी ती साहेबांना दाखवली. ते खुर्चीवर बसले आणि चष्मा काढून डोळे चोळत राहिले.

हमिदाबी मात्र आमची समजूत घालत होती. "पोरीला बोलू नगा. म्याच सांगितलं तिला. तुमी म्हणला, पांढरं झालं की सोनं बंद. म्या म्हणलं, मग पांढरं दाखवायचंच न्हाई. एकदा तिची अडचणीची येळ आली तवा बाटली न्हवती आणली, तवा तुमी सुई दिली न्हाई. वैशाखापातूर काढायचं हुतं, भाऊ. मग म्याच सांगणार हुते." आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्यानं माणूस मरतंय का?"

दिवाळीतच, हा प्रश्न तिला पडायच्या आधी, मी उत्तर द्यायला हवं होतं.

गोल्ड बंद केलं. तिला खाटेवर घेतलं. मीठ बंद, पाणी मोजून. लढाईत विषारी वायूवर म्हणून एक औषध शोधलं होतं. ते अंगातलं सोनंही बाहेर काढतं, असं साहेबांनी नुकतंच वाचलं होतं. त्यांनी मुंबईला मित्राला तार केली. मित्राची उलट तार आली, औषध इथं कुणाकडे नाही, विलायतेहून मागवावं लागेल. त्याला महिने लागले असते. साहेबांनी तरीही मागवलं.

सूज पोटावर चढली, मग छातीत पाणी झालं. हातपाय जड झाले, तरी बोटं मात्र मऊ होती. सांधे दुखत नव्हते. गोल्डनं आपलं काम चोख केलं होतं. एके दुपारी गंगाबाई तिच्या उशाशी बसली होती. हमिदाबीनं शरीफाला टोपली आणायला लावली आणि पडल्या पडल्या गंगाबाईच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. धाप लागत होती, मधे मधे थांबत होती. एकही बांगडी फुटली नाही. "बघितलं का, भाऊ?" असं तिनं मला हाक मारून दाखवलं. मी मान हलवली आणि जिन्याखाली जाऊन बसलो.

मग ताप आला. न्यूमोनिया. पेनिसिलीन तेव्हा नव्यानं मिळायला लागलं होतं. होतं तेवढं साहेबांनी दिलं. सत्त्व निघून गेलेल्या अंगात लढायला काही उरत नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. तिचा नवरा धापा टाकत आला, साहेबांना म्हणाला, "तुमी लय केलं, डॉक्टर." त्यांनी मान खाली घातली. मुंबईच्या सभेसाठी मी नकललेला केसपेपर त्यांनी त्याच दिवशी माझ्याकडनं परत मागितला. सभेला गेले आणि सगळं वाचलं. माझ्या नावाशिवाय. बाटलीची पद्धत हॉस्पिटलची होती, असं त्यांनी लिहिलं होतं.

दोनेक महिन्यांनी शरीफा आली. एकटीच. आईच्या घरांपैकी दोन घरं दुसऱ्यानं धरली होती. उरलेली ही धरून होती, बापाला सोबत घेऊन फिरत होती. मला वाटलं औषध न्यायला आली असेल. ती लॅबच्या दारात उभी राहिली.

"भाऊ, एक इचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"माझ्या बाटलीनं मेली का अम्मा?"

मी ट्यूब धूत होतो. पाणी चालू होतं ते बंद केलं. तिच्यावर मी ओरडलो होतो तो सगळा प्रकार डोळ्यासमोर आला. अठरा वर्षांची पोर, आईनं सांगितलं ते केलं, आणि आता हे घेऊन जन्म काढणार.

"न्हाई गं," मी म्हणालो. "तिची मूत्रपिंडं आधीच गेली होती. आम्हीच उशिरा ओळखलं. तू आणली ती बाटली खरी असती तरी काही फरक पडला नसता."

"खरं?"

"लॅबमधला माणूस आहे मी. मला कळतं की तुला?"

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती गेली. मागं वळून पाहतो तर जिन्यावर साहेब उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. ते म्हणाले, "आज किती सॅम्पल आहेत?" मी आकडा सांगितला. ते वर निघून गेले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी अमेरिकेतनं बातमी आली की हमिदाबीसारख्या सांधेदुखीनं अंथरुणाला खिळलेले पेशंट एका नव्या औषधानं चार दिवसांत जिने चढायला लागले. साहेबांनी मासिक माझ्यापुढं टाकलं. "वाचा, जाधव. चमत्कार आहे." मी वाचलं आणि विचारलं, याचं वाईट काय ते कुठल्या पानावर आहे? ते म्हणाले, "अजून छापलेलं नाही." पुढं तेही छापून आलं.

मी लॅबमध्ये आणखी तीस वर्षं काढली. घरून आणलेली बाटली पुन्हा घेतली नाही, आणि जिथं जिथं काम केलं तिथं आधी बायकांसाठी दाराची कडी लागेल अशी जागा करून घेतली. हाताखालच्या पोरांना दोन गोष्टी शिकवल्या. टेस्ट कशासाठी आहे ते पेशंटला बसवून सांगायचं, बाहेर कितीही गर्दी असो. आणि रिपोर्ट कधी खोटा द्यायचा नाही.

दुसरी गोष्ट शिकवताना मला शरीफा आठवायची. हे सगळं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहिलं, कारण तिला वाचता येत नव्हतं.